खालचा खण

४ फेब्रुवारी, मंगळवार

रजा! दहा दिवसांची, सक्तीची, उद्यापासून. साडेचारला साहेबांनी बोलावलं, पाकीट पुढे सरकवलं आणि म्हणाले, "मॅडम, मजा करा." मजा! मागच्या वर्षी असंच पाकीट मी आमच्या रोखपालाच्या हातात दिलं होतं आणि हेच म्हटलं होतं. जात्यातले रडतात, सुपातले हसतात.

नियम जुना आहे. चांगलाही आहे. ज्याच्या सहीने पैसे सुटतात त्याला वर्षातून एकदा, आधी न सांगता, दहा कामाचे दिवस घरी बसवायचं. त्याच्या खुर्चीवर दुसरं माणूस बसवायचं. त्या माणसाने कपाटं उघडायची, खण उघडायचे, फायली वाचायच्या आणि दहाव्या दिवशी दाखला लिहून द्यायचा — काय आढळलं, काय नाही. लबाडी सांभाळायला माणूस रोज जागेवर लागतो, उठवला की ती आपोआप वर येते. हे मीच नव्या मुलींना शिकवते. विभागप्रमुखांना आजवर सूट होती. यंदापासून नाही.

टेबलाला हात लावायचा नाही, पर्स उचलायची आणि निघायचं. शिपाई दारात उभा. एकोणतीस वर्षं मला चहा देणारा माणूस, आज माझ्या हातांकडे बघत होता.

विचारलं, "माझ्या जागी कोण?"

साहेब हसले. "तुमची चिमणी. तुमचं अक्षर दुसऱ्या कुणाला लागतं?"

चिमणी म्हणजे माझ्या हाताखालची, मीच शिकवलेली मुलगी. किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात दिला. सहा किल्ल्या. सहावी खालच्या खणाची.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी सवयीने साडी नेसून तयार झाले. सासूबाईंनी खुर्चीतून वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रजा घेतलीस की दिली?"

काय बाई आहे! सत्त्याऐंशी वर्षं वय, आणि अजून एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. म्हटलं, दिली. तर म्हणतात, "मग चेहरा सुतकी कशाला? बस की पाय पसरून."

हे मात्र खूश. गॅलरीचा कठडा रंगवायला काढलाय, दोन ब्रश आणलेत. एक माझ्यासाठी म्हणे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लिहून टाकते. इथे नाही तर कुठे लिहिणार?

आमचं टेबल मृत्यूच्या दाव्यांचं. विमा उतरवलेला माणूस गेला की घरचे कागद पाठवतात, आम्ही तपासतो, मंजूर करतो किंवा नाही म्हणतो. मृत्यूपासून नव्वद दिवसांच्या आत कागद आमच्याकडे पोचला पाहिजे. पोचला केव्हा, ते आवकच्या शिक्क्यावरची तारीख सांगते. दुसरा कुठलाही पुरावा चालत नाही.

सहा वर्षांपूर्वी, चिमणीला लागून तीन महिने झाले असतील. एका सुताराच्या बायकोचा दावा वेळेत आला होता, अडतिसाव्या दिवशी. चिमणी शिक्का मारायला विसरली आणि तिने कागद निकाली निघालेल्या गठ्ठ्यात टाकला. तिथे तो पडून राहिला. मी एका शनिवारी, सुट्टी असून येऊन, कपाट आवरत होते, हाताला लागला. शिक्का नाही असं दिसल्याबरोबर हात आपसूक शिक्क्याकडे गेला. ठप्! आधी मारला, मग वाचलं. एकशे चौथा दिवस. गठ्ठ्यावर मात्र चिमणीच्या अक्षरात अडतिसाव्या दिवसाची तारीख होती.

वाचून मारला असता तर? पण सवय अशी मेली की कोरा कोपरा बघवतच नाही.

त्या शिक्क्याने दावा मेला होता. खरं सांगितलं असतं तर दावा कदाचित वाचला असता, पण चिमणी गेली असती. उमेदवारीच्या वर्षात एक कागद गहाळ, की घरी. मी सुताराच्या बायकोला बोलावून घेतलं, नवा अर्ज भरून घेतला. ती विचारत होती, "हाच कागद परत कशाला?" म्हटलं, पहिला नीट उमटला नाही. ती गेल्यावर शिक्क्याची चाकं मागे फिरवली आणि खऱ्या दिवसाची तारीख मारली. मंजूर केलं. सही केली.

आणि पहिला कागद? तो फाडायला हवा होता. हातात धरला, दोन्ही बाजूंनी पकडला. नाही फाडवला! "कागद चुकला तरी फाडायचा नाही, टाचून ठेवायचा" — हे माझ्या आधी या टेबलावर असलेल्या, मला शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या हाडात उतरवलंय. मी तो पाकिटात घातला. इतकंच नाही, मागे चिठ्ठी टाचली: कुठे सापडला, कुणी ठेवला, कोणत्या दिवशी, नवा अर्ज कधी घेतला. माझ्या अक्षरात. तारखेसह. गुन्हा केला तोही नोंद करून! जगात असा चोर दुसरा नसेल.

खालचा खण. जुन्या डायऱ्यांच्या खाली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन करता येत नाही. केला तर तिला दाखल्यात लिहावं लागेल — अमुक वाजता मॅडमचा फोन आला. कार्ड बंद, मेल बंद. कठडा रंगवला. हे म्हणाले, "एकाच जागी किती वेळ ब्रश फिरवतेस?"

८ फेब्रुवारी, शनिवार

कार्यालय बंद. आज तरी खण कुणी उघडणार नाही. म्हणून जरा बसून लिहिते आहे.

चिमणी हे नाव साहेबांनीच पाडलं. मुलाखतीला ती बोलली तेव्हा आवाज टेबलाच्या या टोकापर्यंत पोचला नाही. ती बाहेर गेल्यावर साहेब म्हणाले, "ही टिकायची नाही. हिला आवाज तरी कुठे आहे?" मी हट्ट धरला. का, तर तिने आम्हाला उलट प्रश्न विचारला होता. तो इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता: "फॉर्मवर माणूस कसा मेला ते विचारलंय. जगला कसा ते कुठे लिहितात?"

मला बाईच आठवल्या. हे टेबल बायकांना मिळालं कारण पुरुषांना नको होतं — दौरे नाहीत, कमिशन नाही, मेजवान्या नाहीत, नुसते रडवेले लोक. बाई इथे पहिल्या. मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मृत्यूचा दाखला आधी वाचायचा नाही. आधी त्याने स्वतः भरलेला अर्ज वाचायचा. उंची, वजन, धंदा, सही. माणूस आधी जिवंत भेटला पाहिजे. मग मेला म्हणून वाचायचं.

तेच मी चिमणीला दिलं. सही कशी करायची तेही दिलं. ती गिचमीड करायची. म्हटलं, सही म्हणजे पळवाट नाही, नाव वाचता आलं पाहिजे. आठवडाभर रद्दी कागदावर गिरवून घेतली तिच्याकडून, शाळेतल्या पोरीसारखी. आणि हे दाखल्याचं कामही. म्हटलं होतं, दुसऱ्याच्या टेबलावर जे सापडेल ते लिहायचं. तिने विचारलं, "तुमचं असलं तरी?"

मी काय म्हणाले? "माझं असलं तर आधी."

किती सोपं असतं बोलणं!

९ फेब्रुवारी, रविवार

खरं कारण अजून लिहिलेलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

लिहिते. चिमणीच्या घरी ती एकटी कमावती होती, म्हणून मी झाकलं — असं मी स्वतःला सांगत आले. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मी निवडलेली मुलगी चुकली हे मला साहेबांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. "म्हटलं नव्हतं मॅडम?" — एवढं एक वाक्य टाळायला शिक्क्याची चाकं फिरवली. बस. एवढंच.

आणि पुढचं त्याहून वाईट. त्याच वर्षी डिसेंबरात एक म्हातारा आला होता. मुलगा गेलेला, दावा चार दिवस उशिरा. हातात टोपी धरून उभा राहिला. म्हणाला, "चार दिवस मी आजारी होतो हो. घरात दुसरं कोण आहे?" मी सांगितलं, नियम म्हणजे नियम. मी लिहिलं — मुदतबाह्य. खाली सही. वाचता येईल अशी! तो टोपी घालून गेला, मला नमस्कार करून. त्याच्यानंतर आणखी दहाजण. प्रत्येकाचा आकडा मला पाठ आहे: चार दिवस, नऊ, दोन, सतरा. एकाचा तर एकच.

सुताराच्या बायकोसाठी चाकं फिरली, कारण तिच्या कागदामागे माझं नाक होतं. त्या अकराजणांच्या मागे कुणाचं काय होतं?

रडले. सासूबाईंनी पाहिलं. चहा स्वतः उठून केला, साखर दुप्पट.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज पाचवा दिवस. ती वरून खाली येत जाणारी मुलगी आहे. पहिल्या दिवशी वरचा खण, मग दुसरा. मीच लावलेली शिस्त. म्हणजे आज, नाही तर उद्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दिसली! औषधाच्या दुकानाबाहेर. सासूबाईंच्या गोळ्या घेऊन मी पायऱ्या उतरत होते, ती समोरून येत होती, जेवणाच्या सुट्टीत बहुतेक. दहा पावलांवर थांबली. माझ्याकडे पाहिलं — नक्की पाहिलं. डोळे सुजलेले. मग मान खाली घातली आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली. एक सायकलवाला तिच्यावर ओरडला, तरी थांबली नाही.

नियम पाळला. रजेवरच्या माणसाशी बोलायचं नाही. शाबास, पोरी! दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी चारचौघात कौतुक केलं असतं.

सापडलंय तिला. डोळे सांगत होते. का चोराच्या मनात चांदणं? तिला नुसती सर्दी असेल. नाही. सापडलंय.

तिला आता माझं कळलं आणि त्याच चिठ्ठीवर स्वतःचंही कळलं. सहा वर्षं मान वर करून काम केलं त्या पोरीने, आणि कुणी न सांगता एका खणातून कळतं की आपण पहिल्याच पायरीवर पडलो होतो, कुणीतरी गुपचूप उचलून ठेवलं. मी असते तर? मला तो उपकार वाटला नसता. थप्पड वाटली असती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंकडे गेले. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण घर अजून कार्यालयासारखंच. कुंड्यांना सुद्धा चिठ्ठ्या लावलेल्या, कोणतं रोप केव्हा लावलं त्या. मला वाटलं होतं, जवळ घेतील. म्हणतील, वेडे, सगळ्यांच्या खणात काहीतरी असतं.

सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मी तुला वाचायला शिकवलं. सही करायला शिकवलं. झाकायला कधी शिकवलं?"

म्हटलं, "बाई, पोरीचं आयुष्य होतं."

"मग सरळ माझ्यासारखं भांडायचं होतंस साहेबाशी. भांडलीस? नाही. तुला स्वतःचा शब्द राखायचा होता." त्यांना मी ते अर्धं सांगितलंच नव्हतं. तरी!

त्या उठून कुंड्यांपाशी गेल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आता तिच्यापुढे दोनच वाटा ठेवल्यास. लिहिलं तर तुला बुडवते, नाही लिहिलं तर स्वतः बुडते. इकडे आड, तिकडे विहीर — आणि मध्ये कुणाला उभं केलंस, तर स्वतः घडवलेल्या मुलीला. तू तिची गुरू की वैरीण?"

"काय करू मी?"

"मला विचारायला आलीस का माफी मागायला? माफीला मी कोण?" मग जरा मऊ आवाजात, "तिच्या आधी तू लिही. म्हणजे तिचं लिहिणं नुसतं काम होईल. त्यात पाप उरणार नाही."

जिन्यापर्यंत सोडायला आल्या नाहीत. नेहमी येतात. पहिल्यांदाच नाही आल्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

यांना सांगितलं. ब्रश हातात तसाच, रंग फरशीवर ठिपकतोय. म्हणाले, "निवृत्तीला दोन वर्षं चार महिने राहिलेत तुझ्या." मला माहीत नाही का! मग म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. ती पोरगी तुला मानते. कशाला उघडतेस?"

मानते, म्हणूनच.

संध्याकाळी फरशीवरचा रंग दोघांनी मिळून खरवडला.

१६ फेब्रुवारी, रविवार

पत्र लिहिलं. सात वेळा. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं दुरुस्त केली, आणि स्वतःचं एक पान जमेना. शेवटी सगळी विशेषणं काढली. काय केलं, कधी केलं, कागद कुठे आहे — "टेबलाचा खालचा खण, जुन्या डायऱ्यांखाली, तपकिरी पाकीट." ते अकरा दावेही लिहिले, क्रमांकांसह. पुन्हा उघडा म्हणून.

एक ओळ खोटी आहे. कागद चुकीच्या गठ्ठ्यात मी टाकला, असं लिहिलंय. चिठ्ठीवर चिमणीचं नाव आहे, त्याबद्दल विचारलं तर मी म्हणेन, तिच्यावर ढकलायला लिहिलं होतं. तेवढं खोटं मला पचेल.

खरडलेली सहा पानं फाडणार होते. टाचून ठेवली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दिलं. तपासणी विभागाची इमारत वेगळी, तिथे जायला मला मनाई नाही. तपासणीचे साहेब दौऱ्यावर, बुधवारी सकाळी टपाल उघडतील. खिडकीवरच्या मुलीने पाकीट घेतलं, माझ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारायला हात उचलला आणि थांबली. "अय्या, तारीख शुक्रवारचीच राहिली. चालेल ना मॅडम?"

म्हटलं, "नाही बाळ. आजची लाव."

ती चाकं फिरवत बसली. एक अडकलं होतं. मी पेनाच्या टोकाने सोडवून दिलं. हसू आलं मला! तिला वाटलं, मॅडम किती प्रेमळ.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दहावा दिवस. आज पाचच्या आत ती दाखला लिहील.

कितीतरी दिवसांनी सकाळी झोप लागली, आठपर्यंत. आता तिने लिहिलं की तिच्यावर काही येत नाही. आणि ती लिहील. ती मला ओळखते त्यापेक्षा जास्त मी तिला ओळखते. कलम सात, आढळलेल्या बाबी. तपकिरी पाकीट, एक कागद, एक चिठ्ठी. माझ्याविरुद्ध लिहील, आणि मला अभिमान वाटेल. नोकरी जाईल, त्याचं काय ते होईल. निदान एक माणूस सरळ घडवला, एवढं माझ्या नावावर राहील.

कठडा पूर्ण झाला. सासूबाई म्हणतात, रंग गडद झाला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

साडेनऊला पोचले. चिमणी जागेवर नाही, खाली चहाला गेली म्हणे. किल्ल्या टेबलावर, शेजारी दाखल्याची माझी प्रत. खालचा खण उघडला. डायऱ्या सरळ रचलेल्या, तळाला नवा कागद घातलेला. पाकीट नाही. कचऱ्याच्या टोपलीत तपकिरी कागदाचे तुकडे, बारीक बारीक, मला कधी जमले नसते इतके बारीक.

कलम सात: काही आढळले नाही.

खाली कालची तारीख, आणि तिची सही. अक्षर न् अक्षर वाचता येतंय. अकराला तपासणीचे साहेब माझं पत्र उघडतील.